सावळी त्वचा, सोलापूरचं ऊन आणि रोजची साधी निगा

युनिफॉर्मवाली | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं कापड तपासायचं काम करते. आज लिहायला बसलेय ती लेकीसाठी.

मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. नवरीचा मेकअप करायला आलेल्या बाईंनी करवल्यांनाही तयार करून दिलं. माझी लेक सोळा वर्षांची. ती खोलीतून बाहेर आली तेव्हा मला क्षणभर ओळखूच आली नाही. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, आणि ट्यूबलाइटखाली गालांवर राखेसारखी झाक. चार बायका म्हणाल्या, "अगं बाई, किती उजळ दिसतेय!" तासाभराने ती दिसेना म्हणून शोधत गेले, तर कार्यालयाच्या मागे भांडी घासायच्या नळाखाली वाकून तोंड धूत होती. साबण भांड्यांचाच. गाल लालबुंद. मी पदराने पुसायला गेले तर तिने माझा हात धरला. "आई, हात लावू नको, आग होतेय."

रात्री घरी आल्यावर हळूहळू सगळं कळलं. डिसेंबरपासून ती रोज झोपताना एक ट्यूब लावत होती. क्लासमधल्या मैत्रिणीने नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने नुसत्या नावावर दिली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा नितळ झाला. मीच म्हटलं होतं, "हल्ली छान तुकतुकीत दिसतेस." ते माझं वाक्य मला आता फार बोचतंय. परीक्षेत चार दिवस लावायची राहिली तर खाज, आग, बारीक पुळ्या. पुन्हा लावली की शांत. ओठांवर आणि गालांच्या कडेला लवही वाढलीय.

माझ्या वेळी मामांनी स्थळांसाठी माझी माहिती लिहिली, त्यात 'रंग : निमगोरा' असं घातलं. मी सावळी आहे, चांगली सावळी. पाहुणे एकदा कागदाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. त्या नजरेपायी दोन वर्षं मी लिंबू, साय, डाळीचं पीठ काय काय घासलं. कोपरं सोलून निघालेली आठवतात. रंग होता तोच राहिला. लेकीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली झालं.

कारखान्यात एकाच नेव्ही ब्लूचे तागे वेगवेगळ्या लॉटमधून आले की छटेत फरक पडतो. ट्यूबलाइटखाली तो कळत नाही. आम्ही दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेतो, शेजारी शेजारी धरून बघतो. फरक निघाला म्हणून कुठला तागा वाईट ठरत नाही, कुठला कशाला जोडायचा एवढंच ठरतं. लग्नातला तो चेहरा बघताना मला सारखं वाटत होतं, सदऱ्याला दुसऱ्याच लॉटची बाही लावलीय.

तर, रंग उजळायचे उपाय कृपया सांगू नका. सावळेपणा हा आजार नाही आणि मला त्यावर औषध नकोय. पण त्रेचाळीस डिग्रीत स्कूटीवरून जाणाऱ्या पोरीची कातडी भाजते, बोअरच्या पाण्याने तडतडते, पिंपल्स येतात, आणि कधी काजळ-लिपस्टिक लावून छान दिसावं असंही तिला वाटतं. यासाठी तुम्ही रोज काय करता? मोजक्या गोष्टी, खिशाला झेपतील अशा. आणि त्या ट्यूबचं काय करू?

बाळीवेसचा_केमिस्ट | १२ मे, रात्री ११:१५

ताई, आधी ट्यूबचं बघू. मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगावरचं औषध. डॉक्टर ते थोडेच आठवडे आणि लक्ष ठेवून देतात. गोरं होण्याची क्रीम म्हणून ते बनलेलंच नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा नितळ का होतो, तर स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, आणि रंगद्रव्यही कमी बनतं. महिने गेले की कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, लव वाढते. बंद केली की दाबून ठेवलेली सगळी आग एकदम वर येते. म्हणून पोरी पुन्हा लावतात आणि त्यातच अडकतात. तुमच्या लेकीची जी लक्षणं तुम्ही लिहिलीत ती तंतोतंत हीच आहेत.

सरकारने २०१८ साली अशी १४ स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात. माझ्या धंद्यातल्या माणसांबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे. माझ्या काउंटरवर दिवसाला दोन-तीन जण नुसतं नाव सांगून मागतात आणि मी नाही म्हणतो. गजकर्णावरच्या 'तीन औषधं एकत्र' वाल्या मलमांचंही तेच. त्यातल्या स्टिरॉइडने खाज थांबते आणि गजकर्ण पसरत राहतं.

तुम्ही स्वतःच्या मनाने काही करू नका. ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किती महिने लावली ते खरं सांगा. आणि पोरीला रागवू नका, औषध तिला आपल्यातल्याच कुणीतरी दिलंय.

पार्लरवाली_अक्का | १३ मे, सकाळी ७:०५

ताई, वाचून रात्री झोप नाही आली बगा. माझं पार्लर अशोक चौकाकडं, बावीस वर्षं झाली. घरात आमची तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. पण एक वाक्य मी सगळ्या भाषांत ऐकलंय, "दोन शेड वर घ्या." पोरगी आरशापुढं गप बसलेली असती आणि मागनं आई, मावशी, काकू सांगूलालत्यात. पहिली काही वर्षं मी पण ऐकलं. नवरीचा चेहरा पांढरा, हात सावळे, मेंदी त्याच्यावर. नंतर एका पोरीनं अल्बम आणून दाखवला, म्हटली, "अक्का, ह्यात मी कुठंय?" त्या दिवसापास्नं बंद केलं.

तुमचं ताग्याचं एकदम बरोबर आहे. फाउंडेशनमध्ये पांढरा, पिवळा, लाल, काळा असे रंग कालवलेले असतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत बहुतेक पिवळी नाहीतर सोनेरी झाक असती. त्याच्यावर गुलाबी झाकेचं फिकट फाउंडेशन फासलं की राख दिसणारच. मनगटावर लावून बघू नका, मनगट चेहऱ्याहून उजळ असतंय. तीन शेडच्या तीन रेघा जबड्याच्या कडेला, गालावरनं मानेवर उतरत्या ओढायच्या. दहा मिनिटं थांबायचं, कारण हवा लागली की काही फाउंडेशनं गडद होत्यात. मग दुकानाबाहेर येऊन उजेडात बघायचं. जी रेघ दिसत नाही ती तुमची.

रोजच्याला तेवढं पण लागत नाही. सोळा वर्षांच्या पोरीला काजळ, लिप बाम, भुवया विंचरायला साधा ब्रश. बास. सणासुदीला डोळ्याखाली काळं झाकायचं असेल तर आधी नारिंगी करेक्टर, तांदळाच्या दाण्याएवढा, मग तिच्या शेडचा कन्सीलर. नुसता फिकट कन्सीलर लावला की घुबडासारखी पांढरी गोलं दिसत्यात. लिपस्टिक विटकरी घ्या, मरून घ्या, वाइन घ्या. सावळ्या चेहऱ्यावर विटकरी इतकी खुलती की मला लावताना दर बारीला आनंद होतो.

आणि दुसऱ्याचं काजळ, मस्कारा वापरायचा नाही, मैत्रिणीचा असला तरी. मस्कारा उघडल्यापास्नं तीन महिन्यांत टाकून द्यायचा. अठराच्या आतल्या पोरींना ब्लीच मी करत नाही, कुणी कितीबी पैसे द्या.

हुरडा_पार्टी | १३ मे, सकाळी ९:३०

मुलांनी लिहिलं तर चालेल ना? मी इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षं झाली, गालभर पिंपल्स. लिंबू लावलं, टूथपेस्ट लावली, दाढी केली की सगळं सोलतं. वर्गातली मुलं टोपणनाव ठेवतात ते इथे लिहीत नाही. गड्ड्याच्या जत्रेत मित्रांनी आकाशपाळण्यात फोटो काढले, मी सगळ्यात रुमाल बांधून आहे. जानेवारीची थंडी होती म्हणून कुणी विचारलं नाही. मुलाने क्रीम-बिम लावलं की घरचे हसतात, म्हणून कुणाला विचारलंच नाही आजवर.

ओपीडीतली_सिस्टर | १३ मे, दुपारी ३:५०

हुरडा, बरं झालं लिहिलंस. चेहरा धुवायला मुलगा-मुलगी असा भेद नसतो बाळा.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत परिचारिका आहे. डॉक्टर जे रोज सांगतात आणि मी रोज ऐकते, तेच लिहिते.

आपल्या त्वचेवर किंचित आम्लधर्मी थर असतो, पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, साधारण पाचच्या आसपास (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). अंगाच्या साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहा. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, साबणाचा त्याच्याशी चोथा होतो आणि कातडीवर बसतो, म्हणून तडतडतं. नळाचं पाणी भरून ठेवलेलं असेल तर त्यातलं तांब्याभर चेहऱ्यासाठी ठेवा. साबणाऐवजी फेस कमी येणारा, वास नसलेला सौम्य क्लीन्झर दिवसातून दोनदा पुरे. टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं. आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. ग्लिसरीनचं साधं लोशन असलं तरी छान चालतं. रात्री ओठांना, टाचांना पेट्रोलियम जेली. महागड्या बाटल्यांची गरज नाही हे मी छातीठोक सांगते.

सनस्क्रीनशिवाय मात्र सोलापुरात भागत नाही. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा ३० असेल तर ते कातडी भाजणारे यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतं, ५० असेल तर साधारण ९८ टक्के. म्हणजे आकड्यामागे धावू नका, लावता किती ते बघा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांब रेघ, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या चेहऱ्यावर पांढरा थर दिसतो म्हणून मुली सोडून देतात, त्यांनी टिंटेड, म्हणजे रंग मिसळलेलं घ्यावं. त्यातल्या लोह ऑक्साइडने रंग जुळतो आणि दिसणारा प्रकाशही अडतो. वांग असलेल्या बायकांना त्याचा विशेष उपयोग.

सनस्क्रीन गोरं व्हायला लावायचं नसतं. भाजणं, डाग गडद होणं, कातडी लवकर सुरकुतणं, हे अडवायला लावायचं. आमच्याकडे येणाऱ्या मुलींना हे दोनदा सांगावं लागतं.

पिंपल्ससाठी हुरडा, लिंबू बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. टूथपेस्टही बंद. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जेलने सुरुवात होते, रात्री अ‍ॅडापेलीन नावाचं मलम वाटाण्याएवढं, पण डॉक्टरांना एकदा दाखवून. आठ ते बारा आठवडे लागतात, दोन आठवड्यांत सोडू नकोस. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, घरातले चांगले टॉवेल बाजूला ठेव, पांढरा वापर. दाढी केसांच्या दिशेने, नवीन ब्लेडने. डोक्याला तेल चोपडून झोपू नकोस, ते कपाळावर उतरतं.

अजून एक, इथल्या आयांसाठी. मुलीची मान, काख काळी आणि मखमलीसारखी जाड दिसत असेल तर घासू नका. तो मळ नसतो. बऱ्याचदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही याची ती खूण असते. दाखवा, साखर तपासा. मान घासघासून रक्ताळलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि दर वेळी जीव तुटतो.

शेंगाचटणी | १३ मे, रात्री ८:२०

मी सत्तरीची. नातसून टाइप करून देतेय.

माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग आहे. तीस वर्षं चिकटवायची टिकली लावली. आधी खाज यायची, मी जागा थोडी सरकवायची, पुन्हा लावायची. मग डाग आला. कोड आलं म्हणून घरात रडारड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने तेवढ्याच जागेचा रंग गेलाय. तर मुलींनो, खाज आली की टिकली त्याच दिवशी बंद करा, रात्री तर काढूनच झोपा. कुंकवातही रंग मिसळलेले असतात, ते चालतंच असं नाही. आता मी कपाळ मोकळं ठेवते. पहिल्यांदा तशी सिद्धेश्वराच्या देवळात गेले तेव्हा पाय जड झाले होते. गाभाऱ्यापुढे गेले आणि हात जोडले, तेव्हा कपाळाचा विसरच पडला.

गोरेपणाच्या क्रीमचं सांगते. १९७५ साली फेअर अँड लव्हली आपल्याकडे आली. २०२० साली नावातलं 'फेअर' गेलं. मधली पंचेचाळीस वर्षं मी बघितलीत. पण त्याआधीही सुनेला काळी म्हणणारी तोंडं होतीच. युनिफॉर्मवाली बाई, तू लेकीला जवळ घेऊन निजतेस ना? घे हो.

रोखठोक | १४ मे, सकाळी १०:१०

सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. स्वतःला आहे तसं स्वीकारायचं तर मग काजळ तरी कशाला, टिंटेड सनस्क्रीन तरी कशाला? एकीकडे रंगाचा अभिमान आणि दुसरीकडे त्यावर थर. मला यात मेळ लागत नाही. माझी मुलगी आठवीत आहे, तिला काय सांगावं हे मला खरंच कळत नाही.

पांढरे_ढग | १४ मे, दुपारी १:२५

रोखठोक दादा, प्रश्न मनापासून विचारलात म्हणून मनापासून लिहितो.

मी शिक्षक आहे. मूळचा मंगळवार पेठेतला, आता बार्शीला. सव्विसाव्या वर्षी कोड सुरू झालं. डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला, हातांवर. कोड संसर्गजन्य नाही, शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून होतं. हे मला माहीत होतं आणि न्हाव्याला नव्हतं. त्याने खुर्ची पुसली, मग विचारलं, दुसरीकडे जाता का.

पहिली दोन वर्षं मी रोज पहाटे साडेपाचला उठून चाळीस मिनिटं डाग झाकायचो. दोन शेड तळहातावर मिसळायच्या, बोटाच्या टोकाने टिपायच्या, कडा विरवायच्या, वर पावडर. घाम आला की वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. एकदा पावसात भिजून शाळेत पोचलो. पाचवीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "सर, हे दुखतं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग बरं." आणि जागेवर जाऊन बसली.

आता वर्गात मी काही लावत नाही. सनस्क्रीन लावतो, कारण पांढऱ्या जागा उन्हात फार पटकन भाजतात. लग्नाकार्यात कधी कधी डाग झाकतो, कारण त्या दिवशी जेवताना दहा जणांना कोड म्हणजे काय हे समजावायची माझी इच्छा नसते. दोन्ही दिवशी मी तोच असतो. दुधाची पिशवी आणायला तसंच खाली जाता येतं का, एवढंच मी स्वतःला विचारतो. पहिली दोन वर्षं येत नव्हतं. आता येतं. तुमच्या मुलीला काजळ लावायचं असेल तर लावू द्या, आणि न लावलेल्या दिवशीही "चल, भाजीला जाऊ" म्हणून बरोबर न्या.

कुणाच्या घरात कोड असेल तर पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे. त्यांना स्वतःला कोड आहे. २५ जून हा जागतिक कोड दिवस, त्या निमित्ताने आमच्या शाळेत मी या वर्षी बोलणार आहे.

रोखठोक | १४ मे, दुपारी २:००

सर, कळलं. रविवारी मुलीला घेऊन भाजीला जातो.

कुंभारीची_पोर | १५ मे, रात्री ९:४५

माझी आई विड्या वळते. आम्ही कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत, गोदूताई घरकुलात राहतो. सिस्टर, तुम्ही सांगितलेलं माप मी हिशेबात घातलं. एका वेळी साधारण ग्रॅम-सव्वा ग्रॅम, दिवसाला दोनदा. म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. एवढं महिन्याला नाही जमत. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

युनिफॉर्मवाली | १५ मे, रात्री १०:३०

बाळा, याचं उत्तर मला देता येईल, कारण हे कापडाचं आहे.

कापड उजेडाकडे धर आणि पलीकडचं किती दिसतं ते बघ. जितकं कमी दिसेल तितकं ऊन कमी आत येईल. विण घट्ट पाहिजे, आणि गडद रंग फिकट रंगापेक्षा जास्त ऊन अडवतो. पांढरी पातळ ओढणी घामाने भिजली की तिच्यातून ऊन जवळजवळ सरळ आत जातं, तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. घट्ट विणीचं सुती कापड दीड मीटर घे, निळं किंवा मरून. कपाळावर एक पदर आणि नाकाखालून मानेपर्यंत दुसरा बसेल असं बांध. जाड कापडाचा तुकडा आमच्याकडे कट-पीसमध्ये अगदी थोडक्यात मिळतो. तुला हवा असेल तर व्यक्तिगत निरोप कर, मी काढून ठेवते. छत्री वापर, अकरा ते चार जमेल तेवढं टाळ. सनस्क्रीन मग उघड्या राहणाऱ्या जागांनाच लागेल, नाक आणि गालांचा वरचा भाग, आणि एक ट्यूब दोन महिने जाईल. पण स्कार्फ रोज धू. घामाचा तोच स्कार्फ आठवडाभर बांधला की हनुवटीवर पुळ्या येतात, आमच्या घरी हेही झालंय.

ओपीडीतली_सिस्टर | १५ मे, रात्री १०:५०

अगदी बरोबर. मी उद्यापासून ओपीडीत हे कापड उजेडाकडे धरून दाखवणार.

युनिफॉर्मवाली | ६ जुलै, रात्री १०:१५

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

ट्यूबमध्ये केमिस्टदादांनी सांगितलेले तिन्ही घटक निघाले, स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. डॉक्टरांनी ती बंद केली, दुसरं सौम्य औषध दिलं, आणि आधीच सांगितलं, आता काही आठवडे चेहरा जास्त बिघडेल, धीर सोडू नका. तसंच झालं. पहिले तीन आठवडे गाल पेटल्यासारखे, पुळ्यांनी भरलेले. ती क्लासला गेली नाही. रात्री अडीचला उठून पंख्याखाली बसायची. मी स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून तिच्या गालांवर ठेवायचे आणि आम्ही दोघी गप्प बसायचो. एकदा तिने ट्यूब मागितली. "एकदाच आई, फक्त आज." मी रडले पण दिली नाही. शेंगाचटणी आजी, त्या रात्री तुमचं ऐकलं. जवळ घेऊन निजले.

चौथ्या आठवड्यापासून आग उतरायला लागली. आता सकाळी क्लीन्झर, लोशन, सनस्क्रीन, रात्री क्लीन्झर, लोशन. गालांवर थोडा लालसरपणा आहे, लव अजून आहे, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. रंग तिचा परत आला. माझा रंग आहे तो. गेले काही महिने तो आमच्या घरात एकटा माझाच होता.

काल अक्कांनी बोलावलं म्हणून आम्ही नव्या पेठेत गेलो. अक्कांनी दुकानदाराकडून तीन टेस्टर घेतले, लेकीच्या जबड्याच्या निरोगी जागी बारीक तीन रेघा ओढल्या आणि घड्याळ लावून आम्हाला बाहेर उभं केलं. पावसाचं आभाळ होतं, उजेड सगळीकडून सारखा, आमच्या खिडकीसारखा. दहा मिनिटांनी डावीकडची रेघ राखेरी दिसत होती, उजवीकडची तांबूस. मधली मला दिसेना. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लेकीने मोबाइलच्या कॅमेऱ्यात मान वळवून बराच वेळ शोधली आणि म्हणाली, "अक्का, इथे एक ओढलीच नाही तुम्ही."

"ओढलीय की," अक्का म्हणाल्या.

ती बाटली तिने घेतली नाही, डॉक्टरांनी अजून दोन महिने थांबायला सांगितलंय. शेडचा नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवला. एक काजळ घेतलं आणि विटकरी रंगाचा लिप बाम. येताना स्कार्फ गाडीच्या डिकीतच राहिला, संध्याकाळ झाली होती.

पार्लरवाली_अक्का | ६ जुलै, रात्री १०:४०

ताई, तो नंबर माझ्या वहीत पण लिहून ठेवलाय. कंपनीनं शेड बंद केली तर त्याच्या जोडीची कुठली, ते पण बघून ठेवते.